‘नुसती यमकं जुळवलीत’ ही टीका होते का?

डिचोलीच्या एका वाचकांनी विचारलं आहे : चवथीच्या घुमट आरतीच्या (घुमट म्हणजे मातीचं तालवाद्य) सरावाला येणारी मुलं मधल्या वेळेत मोबाइलवर रॅप ऐकतात. मोठी माणसं म्हणतात, ‘यात आहे काय? नुसती यमकं जुळवलीत.’ मुलं चिडतात. हे वाक्य टीका म्हणून बरोबर आहे का? रॅपचा कस लावायला मराठीत नेमके शब्द कोणते? आणि ‘रॅप ऐकला’ म्हणावं की ‘रॅप ऐकलं’?

आधी यमक. ‘यम’ म्हणजे जुळा, त्यावरून यमक. संस्कृत अलंकारशास्त्रात स्वरव्यंजनांचा तोच समूह त्याच क्रमाने पुन्हा आला तर यमक होतो, पण एका अटीवर. दोन्ही ठिकाणी त्या समूहाला अर्थ असेल तर तो वेगळा हवा. विश्वनाथाच्या ‘साहित्यदर्पणा’त ही अट स्पष्ट आहे. ओळींच्या शेवटी सारखा उच्चार येणं हा तिथे वेगळा अलंकार, अंत्यानुप्रास. मराठीने बोलण्यात दोन्हींना ‘यमक’ म्हटलं आणि अर्थ बदलण्याची अट बाजूला पडली. माझ्या मते रॅपच्या गुणवत्तेचा निम्मा निवाडा या विसरलेल्या अटीत आहे. दुसरा शब्द कानावर पडला की पहिल्याचा अर्थ हलला पाहिजे. तो हलत नसेल तर ‘नुसती यमकं’ हे म्हणणं रास्त आहे. हलत असेल तर ती टीका कवितेच्या एका मूळ साधनावरच होते.

या साधनावरून आपल्याकडे वाद नवा नाही. सतराव्या शतकातल्या वामनपंडितांना ‘यमक्या वामन’ म्हणतात. त्या नावात कौतुक आहे आणि टोमणाही ऐकू येतो. पुढे मोरोपंतांच्या आर्यांबद्दलही दोन्ही मतं झाली. कुणाला ती शब्दांवरची हुकमत वाटली, कुणाला ओढाताण. म्हणजे मुलांच्या रॅपवर जो आक्षेप घेतला जातो, तो मोरोपंतांवरही घेतला गेला आहे. मुलांना हे जरूर सांगा, त्यांना बळ येईल.

आता मराठीची एक खास गोष्ट, जी इंग्रजी रॅपचे निकष जसेच्या तसे उचलणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. मराठी वाक्य क्रियापदावर संपतं आणि क्रियापदाला प्रत्यय लागतो. त्यामुळे ओळीच्या शेवटी यमक फुकट मिळतं. नमुन्यादाखल दोन ओळी रचतो :

गाडीत बसतो, गावभर फिरतो,
दुश्मन बघतो, मनात जळतो.

चार ‘तो’ जुळले. कुणी जुळवले? व्याकरणाने. रचणाऱ्याचं यात कर्तृत्व शून्य. हिंदी रॅपमध्ये ‘ता है’, ‘ता हूँ’ची रांग लागते तेव्हा तेच होतं. इंग्रजीत प्रत्यय कमी, म्हणून तिथे यमकासाठी शब्दच शोधावा लागतो. आपल्याकडे पहिली परीक्षा अशी, की प्रत्यय झाकून ठेवा आणि मग काही जुळतंय का बघा. बसतो-फिरतोमध्ये ‘तो’ झाकला की बस आणि फिर उरतात आणि खेळ संपतो.

याच्याशेजारी दुसऱ्या दोन ओळी ठेवतो. याही माझ्याच, खाण बंद पडलेल्या गावातल्या मुलाच्या तोंडच्या (बार्ज म्हणजे खनिज वाहून नेणारी नौका) :

बार्ज बंद, आठवड्याचा बाजार बंद,
बापाला उरला खोकल्याचा छंद.

इथे ‘बंद’ आणि ‘छंद’ अख्खे शब्द जुळतात, प्रत्ययाची मदत नाही. ‘बार्ज’ आणि ‘बाजार’ यांत तीच तीन व्यंजनं जागा बदलून येतात, आणि जिभेला कळतं की एक थांबलं म्हणून दुसरं थांबलं. नाद इथे कार्यकारणभाव सांगतो. ‘छंद’ हा हौसेचा शब्द खोकल्याला चिकटला की आधीच्या ‘बंद’लाही वजन येतं. २०१२ साली गोव्यातल्या खाणी थांबल्या आणि २०१८ला सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबल्या. तो काळ पाहिलेल्या डिचोली-साखळीच्या माणसाला यापुढे टीप लागणार नाही. या ओळी थोर आहेत असं मी म्हणत नाही. पण ‘नुसती यमकं’ हा आरोप त्यांना लागू होत नाही आणि वरच्या दोन ओळींना पुरेपूर लागू होतो, एवढा फरक कानाने पकडता यायला हवा.

यमक ओळीच्या शेवटीच हवं, ही समजूतही सोडून द्या. ‘सुंदर ते ध्यान उभे विटेवरी, कर कटावरी ठेवोनिया’ हे मोजून म्हणा. सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं. यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणात, ‘विटेवरी’ आणि ‘कटावरी’. चौथा चरण मोकळा. कान यमकावर थांबू पाहतो आणि ओळ त्याला पुढे नेते. विटेवरून कटावर, पायांकडून कमरेकडे, नजर वर चढते आणि यमक त्या चढणीच्या दोन पायऱ्या होतं. रॅपमध्ये याला ‘इंटर्नल राइम’ म्हणतात. न्यूयॉर्कच्या रकीम या रॅपरचं नाव त्यासाठी आदराने घेतलं जातं. एरिक बी.बरोबरच्या १९८७च्या ‘पेड इन फुल’ या अल्बमपासून ओळीच्या पोटात यमकं पेरण्याची चाल रॅपमध्ये रुजली. आपल्या कानाला ती चाल वारीत आणि भजनात शतकानुशतकं ठाऊक आहे. ‘अंतर्यमक’ हा शब्द मराठीत तयार आहे, तो वापरावा.

दुसरा शब्द ‘फ्लो’. याला ‘प्रवाह’ म्हणणारे आहेत, पण त्याने काही कळत नाही. नाटकवेड्या गोव्यात ‘शब्दफेक’ हा शब्द प्रत्येक गावाला माहीत आहे. जत्रेच्या नाटकात एकच वाक्य एकाच्या तोंडी पडतं आणि दुसऱ्याच्या तोंडी उभं राहतं, ते शब्दफेकीमुळे. फ्लो म्हणजे लयीतली शब्दफेक. चार ठोक्यांच्या आवर्तनात (रॅपर त्याला ‘बार’ म्हणतात, आणि एका कडव्यात बहुधा असे सोळा) कुठलं अक्षर ठोक्यावर बसवलं, कुठलं ठोक्याआधी सोडलं, श्वास कुठे घेतला, हे सगळं त्यात आलं. घुमट आरतीला बसणाऱ्या मुलाला हे शिकवावं लागत नाही. आरतीचे शब्द सगळ्यांचे पाठ, तरी एका मेळाची आरती रंगते आणि दुसऱ्याची पडते. शेवटी लय चढते तेव्हा घुमट आणि शामेळ या वाद्यांच्या बोलांत ज्याच्या तोंडी शब्द चिरडत नाहीत, त्याला आपण मानतो. तोच कान रॅपला लावा. कागदावर सामान्य दिसणारी ओळ शब्दफेकीने झळकते, म्हणून रॅपचे बोल नुसते छापून वाचणं आणि ‘बघा, यात काव्य नाही’ म्हणणं अन्यायाचं आहे. उलटही खरं. लय झकास आणि बोल पोकळ, असा रॅप ढिगाने मिळतो. तो नाचायला चांगला, आणि तेवढंच श्रेय त्याला द्यावं.

‘हुक’ला आपला जुना शब्द ‘ध्रुपद’ किंवा ‘पालुपद’. बाजारात चालणाऱ्या गाण्यात ते हल्ली अगदी सुरुवातीला येतं. यामागे एक साधा हिशेब आहे. स्पॉटिफायवर गाणं तीस सेकंद वाजलं की ते ऐकलं गेल्याची नोंद होते. त्याआधी बोट पुढच्या गाण्यावर गेलं तर होत नाही. मग कडवं आखूड होतं आणि पालुपद वारंवार येतं. हा दोष रचणाऱ्याचाच असतो असं नाही. पारख करताना मी पालुपद वगळतो आणि दुसरं कडवं ऐकतो. सांगण्यासारखं काही असेल तर ते तिथे असतं, आणि नसेल तर पहिल्याच कडव्याची पुनरावृत्ती तिथे उघडी पडते.

एकमेकांना शब्दांनी लोळवण्याच्या रॅपला ‘बॅटल’ आणि ‘डिस’ म्हणतात. आपल्याकडे कलगी-तुरा आहे, तमाशातले सवाल-जवाब आहेत, आणि पेडण्यापलीकडे सिंधुदुर्गात डबलबारी भजन आजही गर्दी खेचतं. दोन बुवा समोरासमोर, एकाने टोला हाणायचा, दुसऱ्याने तिथल्या तिथे परतवायचा. ‘पंचलाइन’ला ‘टोला’ हा शब्द मला पुरेसा वाटतो. आणि उत्तर न देता नुसत्याच उखाळ्यापाखाळ्या काढणारा बुवा जसा हरलेला समजला जातो, तसाच रॅपरही समजावा.

मजकुराबद्दल स्पष्ट बोलायला हवं. गाडी, घड्याळ, पैसा यांची फुशारकी ही त्या प्रकाराची रीत आहे, जशी पोवाड्यात अतिशयोक्ती. तिथला ‘मी’ बहुधा वठवलेला असतो. पुरुष शाहिरांनी बाईच्या तोंडून लावण्या रचल्या, तेव्हा तो ‘मी’ शाहीर नव्हता, हे आपण समजून घेतोच. पण बायकांना वस्तू समजणारे बोल, आणि मात्रा भरायला टाकलेल्या आईबहिणीवरच्या शिव्या यांना मी कुठल्याही कारागिरीची सवलत देत नाही. फक्त विषय वाईट आहे की रचना वाईट आहे, हे दोन आक्षेप वेगळे मांडावेत. एकत्र केले की मुलं ऐकणं बंद करतात, आणि खरा आक्षेप त्यात वाया जातो.

शब्दसंख्येवरूनही कुणी दर्जा ठरवू नये. मॅट डॅनियल्स यांनी २०१४मध्ये अमेरिकी रॅपरांच्या प्रत्येकी पहिल्या ३५,००० शब्दांत वेगळे शब्द किती, हे मोजलं. एसॉप रॉक सगळ्यांत वर निघाला आणि डीएमएक्स तळाशी. डीएमएक्सचं बळ आवाजात आणि त्याच त्या शब्दांच्या घणात आहे. त्याच्या अल्बममध्ये चक्क प्रार्थना आहेत. शब्दांच्या आकड्यावर कस लावला तर हरिनामावर उभी असलेली भजनंही तळाशी जातील. शिवाय मराठीत ही मोजणी फसवी आहे. घर, घरी, घरात, घराला हे यंत्राला चार शब्द दिसतात.

लोकप्रिय म्हणजे सुमार, हेही खरं नाही. अमेरिकी रॅपर केंड्रिक लमारचा ‘डॅम’ हा अल्बम २०१७मध्ये अमेरिकेच्या विक्रीच्या यादीत पहिला होता. २०१८मध्ये त्यालाच संगीताचं पुलित्झर पारितोषिक मिळालं. शास्त्रीय आणि जाझच्या बाहेर ते प्रथमच गेलं.

राहिला लिंगाचा प्रश्न. ‘रॅप’ हा इंग्रजी शब्द मुळात टकटक करण्याचा, मग बोलण्याचा. ‘रिदम अँड पोएट्री’ ही फोड मागाहून बसवलेली आहे. मराठीत ‘गाणं’ मनात धरून बोलणारे ‘रॅप ऐकलं’ म्हणतात, ‘प्रकार’ धरून बोलणारे ‘ऐकला’. दोन्ही चालतात. मी पुल्लिंग वापरतो, कारण ‘पोवाडा’, ‘अभंग’, ‘फटका’ ही त्याची मराठी भावंडं पुल्लिंगी आहेत. क्रियापद मात्र ‘गाणे’ किंवा ‘मारणे’ नको. आरती आपण ‘म्हणतो’, कविता ‘म्हणतो’, तसा रॅपही म्हणावा.