चालू काळातल्या इंग्रजी क्रियापदानंतर फॉर, ॲट की टू, हे ठरवायचं कसं?

मालवणजवळ होमस्टे सुरू करताय, पाहुण्यांना इंग्रजीत मेसेज लिहावे लागतात आणि 'वेटिंग', 'लुकिंग', 'गोइंग' यांच्यापुढे कधी फॉर येतं, कधी ॲट, कधी टू, तर कधी काहीच नाही. याचा नियम तुम्ही विचारलाय, सोबत तुमचा एक मेसेज आणि पाटीचा मजकूरही दिलाय. खरं सांगायचं तर क्रियापदाला लागणाऱ्या 'आयएनजी'पुरता वेगळा नियम नाहीच. 'वेटिंग'च्या जागी 'वेट' लिहा, 'वेटेड' लिहा, फॉर जागचं हलत नाही. म्हणजे ते काळामुळे आलेलं नाही. काही प्रीपोझिशन (म्हणजे फॉर, ॲट, टू यांसारखे शब्द) क्रियापद स्वतःबरोबर आणतं, काही पुढच्या नामामुळे येतात. समोरचं कुठल्या जातीचं आहे हे ओळखता आलं की निम्मा गोंधळ मिटतो.

हर्णैकडचा एखादा मासे पकडणारा डोळ्यांसमोर आणा. 'ही इज फिशिंग फॉर सुरमई' म्हणजे त्याला सुरमई हवी आहे. 'फिशिंग इन द क्रीक' म्हणजे खाडीत, 'फिशिंग फ्रॉम द जेटी' म्हणजे जेटीवर बसून गरी टाकलीय, आणि 'फिशिंग ऑफ हर्णै' म्हणजे हर्णैसमोर, किनाऱ्यापासून थोडं बाहेर. (हा दोन एफवाला ऑफ. देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात, त्याला इलाज नाही.) यातलं फॉर तेवढं 'फिशिंग'शी बांधलेलं आहे. इन, फ्रॉम आणि ऑफ जागा सांगतात, त्यांना क्रियापदाशी देणंघेणं नाही. तोच माणूस पोहायला लागला तरी 'स्विमिंग इन द क्रीक'मधलं इन तसंच राहील.

ओळखायचं कसं? स्वतःला मराठीत प्रश्न विचारा. 'कुठे, कधी, कशाने' विचारल्यावर उत्तर मिळालं, तर प्रीपोझिशन जागेवरून किंवा वेळेवरून ठरतं. 'कशाची, कोणाकडे, कशाबद्दल' विचारावं लागलं, तर ते क्रियापदाचं असतं आणि क्रियापदासकट पाठ करावं लागतं. त्याला पळवाट नाही. मी शिकवताना नुसतं 'वेट' फळ्यावर लिहीत नाही, 'वेट फॉर' असा जोडशब्दच लिहितो.

जागेच्या बाबतीत रत्नागिरी स्टेशन चांगलं शिकवतं. मांडवी एक्सप्रेस 'इज अरायव्हिंग ऑन प्लॅटफॉर्म नंबर वन' असं कानावर पडतं. प्लॅटफॉर्म म्हणून ऑन. नुसतं स्टेशन म्हटलं तर 'अरायव्हिंग ॲट द स्टेशन', शहर म्हटलं तर 'अरायव्हिंग इन रत्नागिरी'. क्रियापद एकच, नाम बदललं की प्रीपोझिशन बदललं. मात्र 'अरायव्हिंग टू' कधीच नाही. आणि 'रीचिंग' वापरलंत तर मधे काहीच नको: 'वी आर रीचिंग रत्नागिरी ॲट सिक्स'. आपल्याकडे सर्रास 'रीचिंग टू रत्नागिरी' लिहितात, कारण मराठीत रत्नागिरीला पोचतो आणि त्या 'ला'ची जागा भरल्याशिवाय चैन पडत नाही.

या 'ला'मुळे आणि 'शी'मुळेच बहुतेक घोटाळे होतात. 'कॉलिंग टू यू' नाही, 'कॉलिंग यू'. 'आस्किंग टू मी' नाही, 'आस्किंग मी'. 'डिस्कसिंग अबाउट द रेट' नाही, 'डिस्कसिंग द रेट'. 'एंटरिंग इन द रूम' नाही, 'एंटरिंग द रूम'. 'होम', 'हिअर', 'देअर' यांच्याआधीही टू लागत नाही, म्हणून 'कमिंग टू देअर' लिहू नका. तुम्ही प्रश्नात दिलेल्या मेसेजमधलं 'वी आर वेटिंग युवर रिप्लाय' याच्या उलट चुकलंय, तिथे फॉर हवंच. ते नको असेल तर 'अवेटिंग युवर रिप्लाय' लिहा, 'अवेट'ला फॉर चालत नाही. पाटीसाठी सुचवलेलं 'फेसिंग टू सी'सुद्धा बदला. 'फेसिंग द सी' किंवा नुसतं 'सी फेसिंग'. पण समुद्राकडे जाणारी पायवाट दाखवायची असेल तर 'पाथ लीडिंग टू द बीच', इथे टू पाहिजे.

तुमच्या धंद्यात 'आस्किंग' आणि 'पेइंग' जास्त सांभाळा. 'द गेस्ट इज आस्किंग फॉर फिश' म्हणजे पाहुण्याला ताटात मासा हवाय. 'आस्किंग अबाउट फिश' म्हणजे कुठला ताजा आहे, केवढ्याला आहे, एवढीच चौकशी. स्वयंपाकघरात चुकीचा निरोप गेला तर बांगडा उगाच तव्यावर पडेल. तसंच 'पेइंग द बिल' बरोबर, पण खोलीचे पैसे देताना 'पेइंग फॉर द रूम'. बिल किंवा रक्कम असेल तर मधे काही नको, ज्या वस्तूबद्दल पैसे देतोय तिच्याआधी फॉर.

आता 'गोइंग टू'. इथे दोन निरनिराळे प्राणी एकाच कातडीत आहेत. 'आय ॲम गोइंग टू मालवण' मध्ये माणूस खरंच निघालाय आणि टूपुढे नाम आहे. 'आय ॲम गोइंग टू कुक सोलकढी' मध्ये कोणी कुठे जात नाही, फक्त बेत आहे आणि टूपुढे क्रियापद आहे. मुंबईचे पाहुणे 'गॉना' म्हणतात ते या दुसऱ्याचंच आखूड रूप. 'गॉना कुक' होतं, 'गॉना मालवण' होत नाही. मराठीत आपण 'जातोय' आणि 'करणार आहे' असे दोन वेगळे शब्द वापरतो, तेव्हा आधी मराठीत म्हणून पाहिलं तर गफलत होत नाही.

'लुकिंग फॉरवर्ड टू' मधलं टू मात्र पहिल्या जातीचं, म्हणजे पुढे नाम मागणारं. म्हणून 'लुकिंग फॉरवर्ड टू युवर व्हिजिट'. क्रियापद घालायचंच असेल तर त्याला आयएनजी लावून नामासारखं करावं लागतं: 'टू मीटिंग यू'. तुमच्या मेसेजमधलं 'टू मीट यू' इथे बसत नाही. भल्याभल्या कंपन्यांच्या मेलमध्ये हे चुकलेलं दिसतं.

काही ठिकाणी प्रीपोझिशन बरोबर असतं आणि आयएनजीच चुकतं. 'द हाउस इज बिलाँगिंग टू माय ब्रदर' मध्ये टू ठीक, पण मालकी ही चालू असलेली क्रिया नव्हे, म्हणून 'बिलाँग्स टू'. 'द रेट इज डिपेंडिंग ऑन सीझन' ऐवजी 'डिपेंड्स ऑन द सीझन'. गंमत म्हणजे 'इज' काढलं की 'डिपेंडिंग ऑन' चालतं: 'द रेट चेंजेस डिपेंडिंग ऑन द सीझन'.

काळाचा आणि प्रीपोझिशनचा संबंध नाही असं वर म्हटलं, त्याला एक अपवाद आहे. मराठी 'पासून'. 'मी इथे दहा वर्षांपासून राहतोय' याचं 'आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स टेन इयर्स' असं करतात. सुरुवात सांगायची तर सिन्स, अवधी सांगायचा तर फॉर, आणि दोन्हींबरोबर 'ॲम लिव्हिंग' न ठेवता 'हॅव बीन लिव्हिंग'. कोकण रेल्वेचा पूर्ण मार्ग 26 जानेवारी 1998 ला सुरू झाला, म्हणून 'ट्रेन्स हॅव बीन रनिंग ऑन द होल लाइन सिन्स 1998'.

'पर्यंत'लाही असेच दोन वाटे आहेत. आपल्याकडे यांत्रिक मासेमारी 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत बंद असते. जुलैत आलेल्या पाहुण्याने ताजी सुरमई का नाही विचारलं तर लिहा: 'द बोट्स आर स्टेइंग इन हार्बर टिल 31 जुलै'. तोवर तीच स्थिती राहणार, म्हणून टिल. पाहुण्याने खोली कधी सोडायची हे सांगताना बाय, कारण तिथे ती शेवटची मुदत आहे: 'प्लीज चेक आउट बाय टेन'. 'चेक आउट टिल टेन' लिहिलंत तर वाचणाऱ्याला वाटेल, दहा वाजेपर्यंत चेक आउटच करत बसायचंय.