वाचकांचे प्रश्न: अलॉय चाकांची सफाई आणि पॉलिश

गाडीला मागाहून बसवलेल्या अलॉय चाकांविषयी आलेल्या पत्रांतील निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. एकाच विषयावरची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न: मी घेतलेल्या वापरलेल्या गाडीला आधीच्या मालकाने बाहेरची अलॉय चाके बसवलेली आहेत. ती निस्तेज दिसू लागली म्हणून धातूचे पॉलिश आणून बराच वेळ घासले, पण चमक येण्याऐवजी धूसरपणाच वाढला. पॉलिश हलक्या दर्जाचे होते का?

उत्तर: दोष पॉलिशच्या दर्जाचा नसावा, आपण ज्यावर ते घासले तो पृष्ठभाग बहुधा धातूचा नव्हताच. अलॉय चाक ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असले, तरी आपल्या हाताला लागतो तो बहुतेक वेळा त्यावर चढवलेला एखादा थर असतो. रंगीत आणि डायमंड कट (दर्शनी भाग लेथवर कापून चकचकीत केलेल्या) चाकांवर साधारणपणे पारदर्शक लॅकर, म्हणजेच क्लिअर कोट असतो आणि त्याची जाडी ३० ते ५० मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे फार तर मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतकी असते. उघड्या धातूसाठी केलेल्या पॉलिशमधले कण या थरावर बारीक चरे पाडतात, आणि आपल्याला जो धूसरपणा दिसतो तो या असंख्य चऱ्यांचाच असतो.

गाडीच्या उत्पादकाने दिलेल्या चाकांवर सहसा क्लिअर कोट असतो, त्यामुळे तेथे फारसा गोंधळ होत नाही. मागाहून घेतलेल्या चाकांत मात्र पावडर कोटिंग (भट्टीत भाजून बसवलेला भुकटीचा रंग), क्रोम, ॲनोडायझिंग (विजेच्या प्रक्रियेने ॲल्युमिनियमवर वाढवलेला ऑक्साइडचा थर), आरशासारखे पॉलिश केलेले उघडे ॲल्युमिनियम, मॅट रंग असे अनेक प्रकार येतात. दोन-तीन भाग जोडून केलेल्या चाकात तर कडा पॉलिश केलेली, मधला भाग रंगवलेला आणि बोल्ट मुलामा दिलेले, असे तीन प्रकार एकाच चाकावर असू शकतात. अशा वेळी क्लीनर निवडताना त्यातल्या सर्वांत नाजूक पृष्ठभागाला सोसेल तोच निवडावा. ‘सर्व चाकांसाठी सुरक्षित’ असे डब्यावर छापलेले असते, तेव्हा क्लिअर कोट शाबूत आहे हे बहुधा गृहीतच धरलेले असते.

थर ओळखण्याची एक सोपी चाचणी आहे. सहज नजरेस न पडणारी, पण चाकाच्या दर्शनी भागाचीच एखादी जागा, उदाहरणार्थ आऱ्याची बाजू, धुऊन कोरडी करावी आणि पांढऱ्या सुती कापडावर थोडेसे धातूचे पॉलिश घेऊन तेथे हलक्या हाताने चोळावे. कापड काळे पडले तर ते उघडे ॲल्युमिनियम आहे. कापडाला चाकाचा रंग लागला तर रंगावर लॅकर नाही. काहीच उतरले नाही, तर वर लॅकर, क्रोम किंवा ॲनोडायझिंग यांपैकी काहीतरी आहे असे समजावे आणि धातूचे पॉलिश बाजूला ठेवावे. ही चाचणी चाकाच्या आतल्या घेरावर करू नये असे मी सुचवेन, कारण आतली आणि बाहेरची फिनिश पुष्कळदा वेगळी असते.

आपल्या चाकांवर क्लिअर कोट असल्याचे निघाले, तर आलेला धूसरपणा गाडीच्या रंगासाठी मिळणाऱ्या बारीक पॉलिशने आणि मऊ फोमच्या पॅडने पुष्कळसा काढता येईल. लॅकरचे पापुद्रे सुटू लागले असतील, तर मात्र पॉलिशने काहीच साधत नाही. कडेचा पापुद्रा उलट अधिक उचलला जातो.

प्रश्न: पुढच्या चाकांवर तपकिरी ठिपके पडले असून ते शाम्पूने निघत नाहीत. गाडी धुणाऱ्याकडचे एक द्रव्य फवारताच चाके क्षणात स्वच्छ होतात. ते घरी आणून वापरावे का?

उत्तर: क्षणात स्वच्छ करणाऱ्या द्रव्याकडे संशयाने पाहणेच बरे. हे ठिपके ब्रेकच्या धुळीचे आहेत. ब्रेक लागताना डिस्कमधील लोखंडाचे आणि पॅडच्या मिश्रणाचे कण झिजून तापलेल्या अवस्थेत उडतात, चाकाला चिकटतात आणि पुढे ओलाव्याने गंजून थरात रुततात. थांबण्याचे बहुतांश काम पुढचे ब्रेक करतात, म्हणून पुढची चाके लवकर काळवंडतात.

झटपट काम करणाऱ्या क्लीनरमध्ये बहुधा तीव्र आम्ल असते, आणि त्यांपैकी काहींत हायड्रोफ्लोरिक आम्ल किंवा अमोनियम बायफ्लोराइड असते. डब्यावर यांपैकी एखादे नाव दिसले तर ते द्रव्य घरी आणू नये. हायड्रोफ्लोरिक आम्ल त्वचेतून आत शिरते, त्याची वेदना कधीकधी काही तासांनी जाणवते आणि ते शरीरातील कॅल्शियमला बांधून ठेवते, त्यामुळे जिवालाही धोका होऊ शकतो. चाकाचा प्रश्न त्यापुढे गौण आहे, पण तोही सांगतो. ॲल्युमिनियमवर आपोआप तयार होणारा ऑक्साइडचा संरक्षक थर साधारण ४ ते ८.५ पीएच (आम्लता-अल्कता मोजण्याचे माप, ७ म्हणजे उदासीन) या टप्प्यात टिकून राहतो. त्याखाली आम्ल आणि त्यावर अल्कली, दोन्ही त्याला खातात. म्हणूनच ‘आम्लविरहित’ एवढे वाचून निश्चिंत होता येत नाही; कॉस्टिक सोडा असलेले क्लीनर उघड्या ॲल्युमिनियमवर पांढरट डाग पाडतात आणि ॲनोडायझिंगचा थर विरघळवतात. लॅकरला एखादा टवका गेलेला असेल, तर हीच द्रव्ये तेथून खाली झिरपतात.

या ठिपक्यांसाठी आयर्न रिमूव्हर नावाने मिळणारे, उदासीन पीएचच्या जवळचे द्रव्य योग्य ठरते. त्यातील थायोग्लायकोलेट या रसायनाची लोखंडाशी अभिक्रिया होऊन रंग जांभळा होतो आणि ते संयुग पाण्यात विरघळून वाहून जाते. त्याला कुजलेल्या अंड्यासारखा वास येतो, तेव्हा उघड्यावर आणि हातमोजे घालूनच काम करावे, तसेच ते दुसऱ्या कोणत्याही क्लीनरमध्ये मिसळू नये. चाक पूर्ण थंड झालेले आणि सावलीत असावे, कारण तापलेल्या चाकावर द्रव्य वाळते आणि वाळलेल्या द्रव्याचा डाग काढणे मूळ धुळीपेक्षा कठीण जाते. आधी भरपूर पाण्याने सुटी धूळ वाहवून द्यावी, मग शाम्पूने धुवावे आणि त्यानंतरच हे द्रव्य फवारून, डब्यावर सांगितलेली मिनिटे थांबून, मऊ ब्रशने हलवून धुऊन टाकावे. हे दर आठवड्याला करण्याची गरज नाही. नेहमीच्या धुण्याला उदासीन शाम्पू, मऊ ब्रश आणि चाकांसाठी राखून ठेवलेली वेगळी बादली पुरते. तीच बादली गाडीच्या रंगासाठी वापरली, तर हे लोखंडी कण बॉनेटवर चरे पाडतात. चाके आधी आणि बाकीची गाडी नंतर धुणे सोयीचे असते.

प्रश्न: डायमंड कट चाकाच्या कडेजवळ, लॅकरखाली, अळीसारख्या पांढऱ्या रेघा पसरत आहेत. कोणते पॉलिश वापरावे?

उत्तर: कोणतेही नाही. लॅकरला दगड लागून किंवा कडेला घासून भेग पडली की ओलावा आणि क्षार आत जातात आणि धातू लॅकरखाली धाग्याधाग्याने गंजत पुढे सरकतो. वरून केलेले पॉलिश तेथवर पोहोचत नाही. उपाय म्हणजे लॅकर काढून, चाक लेथवर पुन्हा कापून नवे लॅकर चढवणे. प्रत्येक वेळी धातू कमी होत असल्याने हे मोजक्या वेळाच करता येते. पावडर कोटिंग करून घ्यायचे असेल तर चाक भट्टीत किती तापमानाला आणि किती वेळ ठेवणार हे विचारून घ्यावे, कारण मिश्रधातूला मजबुती उष्णतेच्या प्रक्रियेतून मिळालेली असते आणि अवाजवी तापमानाने ती घटते.

प्रश्न: लिंबू, व्हिनेगर, खाण्याचा सोडा, टूथपेस्ट, भांडी घासण्याची तारेची घासणी, यांतले चाकांवर काय चालेल?

उत्तर: लिंबू आणि व्हिनेगर आम्लच आहेत; सौम्य असले तरी उघड्या ॲल्युमिनियमवर तसेच राहू दिल्यास डाग पडतो. सोडा आणि टूथपेस्ट यांत घासणारे कण असतात, आणि ते किती बारीक आहेत याची कोणी हमी देत नाही. तारेची घासणी पूर्णपणे वर्ज्य समजावी: तिचे लोखंडी तुकडे मऊ ॲल्युमिनियममध्ये रुततात आणि तेथेच गंजतात.

प्रश्न: माझ्या चाकांची रुंद कड उघड्या ॲल्युमिनियमची आहे, चाचणीत कापड काळे पडले. ती काळवंडली असून बारीक ओरखडेही आहेत. घरी पूर्वीसारखी करता येईल का?

उत्तर: येईल, धातूचे पॉलिश खरोखर याच कामाचे आहे. कड धुऊन, तेलकटपणा काढून कोरडी करावी आणि शेजारच्या रंगवलेल्या भागावर मास्किंग टेप लावावा. एका वेळी तळहाताएवढा भाग घेऊन सुती किंवा मायक्रोफायबर कापडाने पॉलिश चोळावे आणि ते पूर्ण वाळण्याआधी दुसऱ्या स्वच्छ कापडाने पुसावे. कापड काळे होत राहील, त्याने घाबरू नये; मात्र कापडाची घडी सतत बदलावी, नाहीतर निघालेला मळच पुन्हा धातूवर फिरतो.

नख अडकेल इतका ओरखडा असेल तरच पॉलिश पेपर हाती घ्यावा. पाण्यात भिजवलेला १००० नंबरचा, मग १५०० आणि मग २००० नंबरचा, असा क्रम ठेवावा. प्रत्येक टप्प्यावर घासण्याची दिशा बदलली तर आधीचे चरे पुरते गेले की नाही हे स्पष्ट दिसते. घाई होते ती येथेच: १००० नंबरचे चरे राहून गेले, तर शेवटी कितीही पॉलिश केले तरी उन्हात ते दिसतातच. क्रोमवर मात्र हा कागद चुकूनही लावू नये, कारण सजावटीच्या क्रोमचा वरचा थर एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो.

काम झाल्यावर कोपऱ्यांत साचलेले पॉलिश शाम्पूने धुऊन, कड कोरडी करून सिंथेटिक सीलंट (धातूवर संरक्षक थर धरणारे कृत्रिम द्रव्य) लावावे, मेण नको. कार्नोबा मेण सुमारे ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळते आणि ब्रेकच्या उष्णतेजवळ फार टिकत नाही. उघडी कड पुन्हा पुन्हा पॉलिश करावी लागणारच. लॅकर मारून यातून सुटावे असे अनेकांना वाटते, पण आरशासारख्या गुळगुळीत धातूवर लॅकरची पकड कच्ची राहते आणि ते सुटू लागले की वरच्या प्रश्नातल्या रेघा आपल्याही चाकावर येतात. नियमित मेहनत करण्याची आवड नसेल, तर अशी चाके न घेणेच उत्तम, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न: मॅट काळ्या चाकांना मेण लावावे का?

उत्तर: नाही. चकाकी आणणारे मेण किंवा पॉलिश लावले तर जागोजागी तुकतुकीत चट्टे पडतात आणि घासून आलेली चकाकी परत मॅट होत नाही. मॅट रंगासाठीचे कोटिंग वेगळे मिळते, तेच वापरावे.

प्रश्न: प्रेशर वॉशरने चाके आतून-बाहेरून धुतल्यानंतर वेगात स्टिअरिंग थरथरू लागले. धुण्याचा आणि याचा संबंध असेल का?

उत्तर: असू शकतो. अनेक अलॉय चाकांचे बॅलन्सिंग आतल्या बाजूला चिकटवलेल्या वजनांनी केलेले असते आणि जवळून मारलेला पाण्याचा झोत किंवा डांबर काढण्याचे सॉल्व्हंट ती वजने सोडवू शकते. आतल्या घेरावर चिकटपट्टीचा रिकामा चौकोन दिसतो का ते पाहावे आणि बॅलन्सिंग करून घ्यावे. यापुढे नोझल किमान ३० सेंटिमीटर दूर ठेवावे आणि टायरच्या बाजूच्या भिंतीवर झोत रोखू नये. चाक काढून धुतले असेल, तर नट टॉर्क रेंचने (ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) उत्पादकाने सांगितलेल्या मापाला आवळावेत, त्यांच्या आट्यांवर पॉलिश किंवा सीलंट राहू देऊ नये, आणि ५० ते १०० किलोमीटर चालवल्यावर ते पुन्हा तपासावेत.