बंद पडलेल्या ग्रेडिंग कंपन्यांचे स्लॅब: वाचकांचे प्रश्न

प्रश्न (फोंडा): काकांकडून चार नाणी मिळाली आहेत. तीन अमेरिकन मॉर्गन डॉलर आणि एक पोर्तुगीज आमदानीतला १८८२ चा रुपिया. चारही टणक प्लास्टिकच्या होल्डरमध्ये (स्लॅबमध्ये) सीलबंद आहेत आणि प्रत्येकावर एमएस-६५ (न वापरलेले नाणे, ७० पैकी ६५ दर्जा) असे लेबल आहे. नाण्यांचा दर्जा ठरवून ती सीलबंद करणारी ग्रेडिंग कंपनी केव्हाच बंद पडल्याचे कळले. आता त्या लेबलाला काही अर्थ आहे का? प्लास्टिक फोडून नाणी बाहेर काढावीत का?

उत्तर: फोडू नका, निदान आत्ताच नको. कंपनी चालू असते तेव्हा लेबलामागे तिची हमी असते. कंपनी गेली की हमीही जाते, उरते ते कुणा जाणकाराचे जुने मत. ते अगदी बरोबरही असू शकेल. पण पैसे मोजताना हे नाणे सुटेच आहे असे समजून चालावे.

आधी होल्डर तपासा. दहापट भिंगाखाली चारही कडांचा जोड पाहा. कारखान्यातला जोड सगळीकडे सारखा दिसतो. कुठे पांढुरके डाग, सुकलेला गोंद, कडेला स्क्रू-ड्रायव्हर घातल्याच्या खुणा किंवा नखाला लागेल एवढी फट दिसली, तर होल्डर उघडून नाणे बदलले असण्याची शक्यता धरा. लेबलवरचे साल आणि नाण्यावरचे साल जुळते का, हेही पाहा. ही चूक सोपी असूनही नजरेतून सुटते.

मग नाणे. खोलीतले बाकी दिवे बंद करून एकाच टेबल-लॅम्पखाली स्लॅब तिरपा धरून हळूहळू फिरवा. न वापरलेल्या नाण्यावर उजेडाचा पट्टा पात्यासारखा फिरतो आणि उंचवट्यावरही तुटत नाही. मॉर्गनवर कानावरचे केस आणि मागे गरुडाची छाती पाहा. रुपियावर राजाचा गाल, कानाजवळचे केस आणि मागच्या बाजूला ढालीवरचा मुकुट. तिथे तो पट्टा तुटून करडा चट्टा दिसला तर नाणे हाताळले गेले आहे. मग लेबल ६५ म्हणो, खरा दर्जा एयू-५८ (किंचित वापरलेले) च्या आसपास. मॉर्गनच्या गालावरच्या मोकळ्या जागेत खरचटे भरपूर असतील, तर चमक पूर्ण असूनही ६५ मिळत नाही. लहान कंपन्यांचे आकडे बहुतेकदा इथेच फुगलेले असतात.

प्लास्टिक खरवडल्यामुळे नीट दिसत नसेल तर जोडावर चिकटपट्टी लावून गाडीच्या हेडलाइटची पॉलिश-पेस्ट मऊ कापडाने फिरवा. थिनर किंवा अ‍ॅसिटोन मुळीच नको, प्लास्टिक विरघळून कायमचे धुरकट होते.

किमतीचा तळ चांदीवरून काढता येतो. मॉर्गन २६.७३ ग्रॅमचा, ९० टक्के चांदीचा, म्हणजे २४ ग्रॅमच्या किंचित वर शुद्ध चांदी. रुपिया ब्रिटिश रुपयाच्याच मापाचा, ११.६६ ग्रॅम आणि ९१.७ टक्के, म्हणजे साधारण १०.७ ग्रॅम. हे आकडे अर्थातच नाणे अस्सल असेल तरच, आणि बंद स्लॅबमध्ये वजन करता येत नाही. जाड निओडिमियम चुंबक स्लॅबला लावून नाणे ओढले जाते का पाहा. ओढले गेले तर आत लोखंड आहे. ओढले गेले नाही म्हणून मात्र चांदी सिद्ध होत नाही.

फोडण्याची वेळ दोनच कारणांनी येते: आत नाणे खराब होत असेल, किंवा अस्सलपणाबद्दल खरी शंका असेल. तेव्हा दोन्ही बाजूंचे फोटो काढा. डोळ्यांवर चष्मा हवाच. स्लॅब जाड टॉवेलात धरून लेबलाकडचे दोन्ही कोपरे निपरने थोडे थोडे कापा, मग फटीत चपटा स्क्रू-ड्रायव्हर घालून पिळा. नाण्याच्या बाजूने सुरुवात केली तर हत्यार निसटून थेट नाण्यावर जाते. हातोडा मारू नका. लेबल आणि प्लास्टिकचे तुकडे पाकिटात जपून ठेवा.

प्रश्न (म्हापसा): शुक्रवारच्या बाजारात एक विक्रेता जुन्या होल्डरबद्दलच जास्त पैसे मागतो. योग्य आहे का?

उत्तर: होल्डर जमवणारा एक वर्ग आहे आणि त्याला काही होल्डर खरोखर हवे असतात. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कॉम्प्युग्रेड नावाच्या कंपनीने संगणकाच्या मदतीने दर्जा ठरवून दशांशात छापला. तिचा स्लॅब त्या प्रयोगाचा पुरावा म्हणून मागणीत असतो. पीसीआय या ग्रेडिंग कंपनीच्या स्लॅबवर लाल लेबल असेल तर सावध राहा, दोष असलेली नाणी त्या लेबलाखाली दिली जात. पीसीजीएस या अमेरिकन ग्रेडिंग कंपनीचा १९८६ पासूनचा पहिला लहान होल्डर, ज्यात नाणे हलून खडखडते, तोही लोक शोधतात. पण ती कंपनी चालू आहे, तो हिशेब वेगळा. आमचा सल्ला असा की आधी नाण्याची सुटी किंमत ठरवा, होल्डरची नंतर वेगळी जोडा. विक्रेता दोन्ही एकत्र सांगत असेल तर आकडा फोडून मागा. लेबलवर कंपनीचे नावच नसेल, किंवा एकाच माणसाकडची सगळी नाणी ७० ची असतील, तर होल्डरची किंमत शून्य.

प्रश्न (वास्को): पावसाळ्यात स्लॅबच्या आत लेबलवर बुरशीचे ठिपके आले. एका सुट्या नाण्यावर हिरवट चिकट थरही आला आहे. काय करावे?

उत्तर: स्लॅब हवाबंद नसतो. आपल्याकडची जून ते सप्टेंबरची दमट हवा जोडातून आत जाते. घट्ट झाकणाचा डबा घ्या, बुटांच्या खोक्याएवढ्या डब्यात ५० ग्रॅमच्या दोन सिलिका जेल पुड्या ठेवा. रंग बदलणारे नारिंगी जेल बरे. रंग गेला की पातळ थर पसरून ११० ते १२० अंशांवर ओव्हनमध्ये सुमारे दोन तास तापवा, पुन्हा वापरता येते. डबा बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, तिथे ओल जास्त. नव्या लाकडाच्या किंवा ताज्या पॉलिशच्या कपाटातही नको. डांबराच्या गोळ्या तर कपाटातून काढूनच टाका, त्यांच्या वाफेने पॉलिस्टायरीनचे होल्डर मऊ पडतात. रबरबँडमधल्या गंधकाने चांदी काळी पडते.

हिरवा थर बहुधा मऊ पीव्हीसी पाकिटाचा. त्यातून निघणारे आम्ल नाण्यातल्या तांब्यावर काम करते. नाणे काचेच्या वाटीत शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये बुडवा, दहा मिनिटांनी अ‍ॅसिटोन बदला, मग काढून न घासता सुकू द्या. खिडक्या उघड्या आणि गॅस बंद हवा. नेलपॉलिश रिमूव्हर चालणार नाही, त्यात तेल आणि सुगंध असतो. थराखाली खड्डे पडले असतील तर ते भरून येत नाहीत.

प्रश्न (काणकोण): जुन्या स्लॅबमधला १८८१ चा रुपिया परदेशी पाठवून नव्याने ग्रेड करून घ्यावा का?

उत्तर: पाठवू नका. प्राचीन वस्तूंविषयीच्या १९७२ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावस्तू ठरते आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. पुन्हा ग्रेडिंग करायचेच तर भारतात नाणी स्वीकारणाऱ्या सेवेकडे करा, आणि बंद कंपनीचा होल्डर ते तसाच घेतात की सुटे नाणे मागतात, हे आधी लेखी विचारा. १९४७ चा रुपिया किंवा १९५८ पासूनचे एस्कुदो (रुपियानंतरचे गोव्यातले पोर्तुगीज चलन) वयाने या कायद्यात बसत नाहीत. तरीही पाठवण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून वस्तू पुरावस्तू नसल्याचा दाखला घ्या, म्हणजे कस्टममध्ये पार्सल अडत नाही.