आधी विषय, मग विमान

चिरंजीव भावी इंजिनिअरसाहेब,

अनेक उत्तम आशीर्वाद.

परदेशी मास्टर्ससाठी केलेली तुझी एक्सेल शीट उघडली. देश, क्रमवारी, फी, शिकून झाल्यावर मिळणारा व्हिसा, पार्टटाइम कामाचा ताशी दर, हवामान, जवळपास भारतीय किराणा मिळतो का, सगळ्याला रकाने आहेत. हिरवा-पिवळा-लाल रंगही भरला आहेस. शिकवणार काय, याचा रकाना मात्र नाही. पुढे कुठेतरी असेल म्हणून मी शीट उजवीकडे सरकवत राहिलो. नाहीच.

मागे घरी आला होतास तेव्हा हिंदमाताला तुंबणाऱ्या पाण्यावरच्या प्रोजेक्टवर बोलता बोलता तुझा चहा गार झाला होता. झेवियर्सच्या मैदानाखालच्या टाक्यांत पाणी किती वेळ धरून ठेवायचं, भरती ओसरेपर्यंत की पाऊस थांबेपर्यंत, आणि ते एसडब्ल्यूएमएम या पावसाच्या पाण्याचं मॉडेल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कसं बसवलंस, हे तू मला कागदावर काढून दाखवलंस. आणि यादीत बघावं तर वरपासून खालपर्यंत कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंट! का, तर "काका, त्याला स्कोप आहे." कोण म्हणालं? कन्सल्टंट.

तो तुमच्याकडून पैसे घेत नाही याचं तुझ्या आईला भारी कौतुक. अरे, तो विद्यापीठाकडून कमिशन घेतो. माणूस वाईट नाही, धंदा करतोय. पण जर्मनीतली सरकारी विद्यापीठं सहसा असं कमिशन देत नाहीत, म्हणून त्याच्या जर्मनीच्या पानावर खासगी कॉलेजंच दिसतात. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फीच नाही, बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात आपल्यासारख्यांकडून सेमिस्टरला १५०० युरो घेतात, हे तुला त्याच्या ऑफिसात कुणी सांगणार नाही.

तर माझं म्हणणं एकच आहे, आणि ते तुला कंटाळा येईपर्यंत सांगणार आहे: मॉड्यूलची, म्हणजे कोर्समधल्या विषयांची, यादी उघड. देश नंतर.

क्रमवारीचं भूत आधी उतरवू. विद्यापीठांच्या क्यूएस या जागतिक क्रमवारीत ३० टक्के वजन शैक्षणिक प्रतिष्ठेला आहे, म्हणजे जगभरच्या प्राध्यापकांना विचारून केलेल्या सर्वेक्षणाला. आणखी १५ टक्के नोकरी देणाऱ्यांच्या मताला. हे सगळं अख्ख्या विद्यापीठाचं. तुला तुंबलेल्या पाण्याचं मॉडेल कोण शिकवणार, त्याचा या आकड्याशी संबंध किती, तूच सांग.

मॉड्यूल हँडबुक म्हणून एक कंटाळवाणी पीडीएफ असते. ती वाच. सक्तीचं काय, ऐच्छिक काय, आणि ऐच्छिक विषय दरवर्षी चालतो की नुसता कागदावर आहे, ते बघ. शिकवणाऱ्याचं नाव शोधून त्याने अलीकडे कशावर काम केलंय ते बघ. क्रेडिट मोज. युरोपात दोन वर्षांच्या मास्टर्सला १२० क्रेडिट असतात, आणि एका क्रेडिटला २५ ते ३० तासांचं काम धरतात. इंग्लंडचा एक वर्षाचा कोर्स त्यांच्या १८० क्रेडिटचा, युरोपच्या मापाने ९०. त्यातला तिसरा हिस्सा बहुधा उन्हाळ्यातल्या प्रबंधाचा. सप्टेंबरमध्ये उतरायचं आणि थंडीचा कोट घेईपर्यंत नोकरीचे अर्ज सुरू करायचे. ज्याला विषय आधीच पक्का माहीत आहे त्याला ते झेपतं. तुला झेपेल, पण कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंटमध्ये नाही.

आणखी एक. हॉलंडमधल्या टीयू डेल्फ्ट या तांत्रिक विद्यापीठाच्या ऑनलाइन रिपॉझिटरीत तिथल्या विद्यार्थ्यांचे मास्टर्सचे प्रबंध कुणालाही वाचायला मिळतात. पाच-सहा उघड. कोणत्या शहराचं पाणी, डेटा कुठून आणला, मार्गदर्शक कोण. कोर्सचं खरं रूप तिथे कळतं, माहितीपत्रकावरच्या हसऱ्या पोरांकडे बघून नाही. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या तांत्रिक विद्यापीठात जलविज्ञान आणि अभियांत्रिकीचा इंग्रजीत मास्टर्स आहे. त्या गावात २००२ साली एल्बे नदी ९.४० मीटरवर चढली होती. पूर म्हणजे काय हे तिथे कुणाला समजावून सांगावं लागणार नाही.

तुझ्या हिंदमातापासून चालत जाता येईल अशा परळच्या चाळीत बाबासाहेब राहायचे. १९१३ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे त्यांनी घेतलेले विषय बघ: मुख्य अर्थशास्त्र, पण जोडीला इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र. १९१६ मध्ये जातिव्यवस्थेवरचा निबंध त्यांनी वाचला तो गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये. अर्थशास्त्राचा विद्यार्थी त्या वर्गात जाऊन बसला नसता तर? म्हणून म्हणतो, यादी उघड. यादीत असे शेजारचे वर्गही दिसतात.

आता माझं. तू विचारलं नाहीस, तरी सांगतो. माझ्या वेळी सगळी बॅच अमेरिकेच्या नावाने उठत-बसत होती. मी डेल्फ्टला गेलो, १९५७ पासून जगभरच्या इंजिनिअरांना पाणी शिकवणाऱ्या संस्थेत. विषय मलनिस्सारण. लग्नाकार्यात लोक विचारायचे, "गटारं शिकायला हॉलंडला?" बरोबरच्यांची न्यू जर्सीत घरं झाली, मी मुलुंडलाच राहिलो. हेवा वाटला नाही असं म्हणणार नाही. प्रबंधानंतर तिथे आणखी एक वर्ष संशोधनाला थांबता आलं असतं. वडिलांच्या डोक्यावर सोसायटीचं कर्ज होतं, मी परतलो. ते वर्ष मला अजून खुपतं. पण विषय कधीच खुपला नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेल्या आपल्या जुन्या वाहिन्या भरतीच्या वेळी का हात टेकतात, हे लोक मला फोन करकरून विचारायला लागले. पगार तेवढाच राहिला म्हणा. तरी त्या रात्री घरात बसून मला जे कळत होतं ते न्यू जर्सीच्या घराच्या बदल्यात दिलं नसतं. तुझी काकू यावर काय म्हणते ते तिलाच विचार.

पैशाचं म्हणशील तर जर्मनीला ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीकच रक्कम काढता येते अशा खात्यात, सध्या वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात. एपीएस प्रमाणपत्राशिवाय, म्हणजे आपली शिक्षणाची कागदपत्रं खरी असल्याच्या दाखल्याशिवाय, व्हिसाचं पुढे सरकत नाही आणि त्याला वेळ लागतो, तो अर्ज आधी टाक. घर तारण ठेवून कर्ज काढणार असाल तर हप्ते उशिरा सुरू झाले तरी व्याज पहिल्या दिवसापासून चढतं, हे बाबांसमोर बसून मोज.

आणि ८.२ सीजीपीएचं रडगाणं थांबव. जर्मन लोक बव्हेरियन सूत्राने गुण बदलतात: कमाल १०, उत्तीर्ण ४, तुझे ८.२. दहातून ८.२ वजा, भागिले सहा, गुणिले तीन, अधिक एक. १.९ येतात. तिथे १ सर्वोत्तम आणि ४ काठावर पास. तू बरा आहेस. पण तिथेही ते नुसता आकडा बघत नाहीत, गणित किती क्रेडिटचं केलंस, हायड्रॉलिक्स किती, तेही मोजतात. म्हणजे ते तुझी यादी उघडणार. तू त्यांची उघडायला तयार नाहीस!

रविवारपर्यंत तीन हँडबुकं वाच आणि प्रत्येकातल्या ज्या विषयासाठी पहाटे उठशील त्याखाली रेघ मार. एकाही विषयाखाली रेघ आली नाही तर तो कोर्स यादीतून काढ, मग तो कितीही हिरवा असो.

तुझा,
काका

ता. क. कन्सल्टंटकडे मूळ मार्कशीट ठेवली असशील तर उद्याच जाऊन घेऊन ये. त्याला झेरॉक्स पुरते. आणि तुझ्या नावाने त्याने काढलेल्या ईमेलचा पासवर्डही माग, विद्यापीठाची उत्तरं तुला आधी दिसली पाहिजेत.