एबीएसचा दिवा लागला म्हणून लगेच सेन्सर बदलू नकोस

भाऊ, एबीएस म्हणजे ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, आणि सेन्सर म्हणजे प्रत्येक चाकाचा वेग तिला कळवणारा भाग. आधी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधल्या नोंदी वाचणारं यंत्र, लाव आणि बिघाडाचा कोड कोणत्या चाकाचा आहे ते बघ. मग आउटर रिंग रोडवर मोकळ्या पट्ट्यात गाडी सरळ चालव. चारही चाकांचे वेग शेजारी बसलेल्याला स्क्रीनवर बघू दे. एकाच चाकाचा आकडा मधूनच शून्यावर पडत असेल, तर पहिला संशय वायर आणि कनेक्टरवर घे. आपल्याकडे पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल तिथे घट्ट बसतो. शिवाय पुढच्या चाकांची वायर स्टिअरिंगसोबत सतत वळते, आतून तुटते आणि वरून धडधाकट दिसते. म्हणून वायर हलवत हलवत मोजायची.

मल्टीमीटर लावण्याआधी सेन्सरचा प्रकार ओळख. जुन्या कॉइलवाल्या सेन्सरचा रोध बहुतेकदा १००० ते २००० ओहमच्या आसपास येतो. चांगल्या चाकाशी ताडून बघ. हॉल प्रकारात, म्हणजे आत इलेक्ट्रॉनिक चिप असलेल्या सेन्सरमध्ये, ओहम मोजून काहीच कळत नाही, चावी चालू करून कनेक्टरवर व्होल्टेज येतो का ते तपास.

गाडी थांबता थांबता उगाच पेडल थरथरत असेल, तर सेन्सर जिच्यावरून चाकाचा वेग वाचतो ती दात्यांची रिंग तडकली किंवा गंजली आहे का ते आधी बघ. आणि नुकतंच बेअरिंग बदललं असेल, तर सेन्सरकडे असायला हवी ती बेअरिंगची चुंबकीय बाजू उलटी बसलेली नाही ना, हे नक्की विचार. माझ्या मते चांगले सेन्सर इथेच विनाकारण फेकले जातात.