चित्रामागची गोष्ट कळली की चित्र वेगळं का दिसतं?

गोष्ट वाचून चित्र बघणं ही फसवणूक आहे का, असं तुम्ही विचारलंय. अजिबात नाही. या एका मुद्द्यावर आमच्या घरात वर्षानुवर्षं भांडण चालू आहे, म्हणून लिहितेय.

सदाशिव पेठेतल्या आमच्या घरी बाहेरच्या खोलीत दिवा घेतलेल्या बाईच्या त्या प्रसिद्ध चित्राची छापील प्रत आहे. एका हातात दिवा, दुसऱ्या हाताचा आडोसा, बोटांमधून झिरपणारा तांबूस उजेड. येणारा-जाणारा ठासून सांगायचा, 'रविवर्म्याचं!' सासूबाई म्हणायच्या, नवऱ्याची वाट बघतेय.

रविवर्मा १९०६ साली गेले. हे चित्र १९४५-४६ च्या सुमाराचं, सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांचं. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. समोर उभी आहे ती त्यांची मुलगी, गीता. आणि माध्यम जलरंग! हे वाचलं त्या दिवशी मी स्टूल घेऊन भिंतीपाशी गेले. तैलरंगात उजेड वरून चढवता येतो. जलरंगात उजेड म्हणजे खालचा कागद, तो आधीपासून राखावा लागतो, एकदा काळवंडला की परत आणणं मुश्कील. बोटांच्या कडेची ती लाली मी तोवर नीट बघितलीच नव्हती. आणि वाट बघणारी बाई जाऊन तिथे वडिलांसाठी हात न हलवता उभी राहिलेली मुलगी दिसायला लागली.

आमचे काका (चुलत सासरे) बालगंधर्व कलादालनातलं एकही प्रदर्शन चुकवत नाहीत, पण चित्राशेजारची माहितीची पाटी वाचत नाहीत. 'चित्रकाराच्या घरच्या भानगडी आपल्याला कशाला?' अहो काका, मुलगी समोर उभी होती ही भानगड नव्हे, तो चित्राचाच भाग आहे. माध्यम तर आहेच आहे.

हां, गोष्ट खरी हवी. डच चित्रकार व्हॅन गॉगचं गव्हाच्या शेतावरच्या कावळ्यांचं चित्र त्याचं शेवटचं, असं इतकं पसरलंय की लोकांना त्या कावळ्यांत मरणच दिसतं. प्रत्यक्षात त्यानंतरही तो चित्रं काढत होता. शेवटचं म्हणून आता झाडाच्या मुळांचं चित्र धरतात. त्यामुळे गोष्ट ऐकून तुम्ही पुन्हा चित्राकडे वळलात का, एवढं तपासा. नुसताच गळा दाटून आला असेल तर ती बाजूला ठेवा.

आधी वाचायचं की नंतर? मी आधी बघते, मग वाचते, मग परत बघते. तुम्ही उलटं केलंत तरी हरकत नाही. पण पाटी न वाचणाराच खरा रसिक, असं कुणी सांगितलं तर ऐकून घेऊ नका, मग ते वयाने कितीही मोठे असोत.