जिन्यातल्या इमर्जन्सी लाइटचा हिरवा दिवा बघून निर्धास्त राहू नका

नाशिकच्या पाथर्डी फाट्याच्या तुमच्या सात मजली सोसायटीत लाइट गेली की जिन्यात अंधार होतो आणि इलेक्ट्रिशियन म्हणतो इमर्जन्सी लाइटच्या सगळ्या युनिटवर हिरवा दिवा आहे म्हणजे बॅटऱ्या ओके. नाही हो, असं नसतं. बहुतेक साध्या युनिटमध्ये तो दिवा फक्त सप्लाय येतोय एवढंच सांगतो, बॅटरी मेलेली असली तरी लागतोच. नुसतं टेस्ट बटण दाबूनही भागत नाही, थकलेली बॅटरी दोन मिनिटं छान उजेड देते आणि मग बसते, आणि सातव्या मजल्यावरच्या आजी-आजोबांना तेवढ्यात खाली उतरता येत नाही.

दर महिन्याला बटण दाबून बघाच, पण वर्षातून एकदा जिन्याच्या लाइटचा एमसीबी (बोर्डावरचा ट्रिप होणारा स्विच) डाऊन करून घड्याळ लावून बसा. नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये, म्हणजे देशाच्या बांधकाम नियमावलीत, दीड तासाचा बॅकअप मागितलाय, तेवढा वेळ प्रत्येक मजल्यावरचा दिवा टिकला पाहिजे, जो आधी विझेल त्याची बॅटरी बदला. हे सकाळीच करा, कारण रिकामी बॅटरी परत पूर्ण भरायला जवळपास अख्खा दिवस जातो, त्या रात्री वॉचमनकडे दोन-तीन टॉर्च ठेवा.

बॅटरी बहुतेक १२ व्होल्ट ७ एएचची सीलबंद लेड ॲसिड असेल, ती साधारण तीन-चार वर्षं चालते, पण गरमीत लवकर जाते. एप्रिल-मेत गच्चीच्या स्लॅबखालचं युनिट किती तापतं ते हात लावून बघा, तिथली आधी जाणार. नवीन टाकली की मार्करने तारीख लिहा.

आणि सप्लाय कुठून घेतलाय तेही बघाच. युनिट जिन्याच्या दिव्यांच्याच सर्किटवर हवं. लिफ्टच्या किंवा जनरेटरच्या लाइनवरून घेतलं असेल तर जिन्याचा एमसीबी ट्रिप झाला तरी युनिटला सप्लाय मिळतच राहतो आणि ते लागतच नाही, नवीकोरी बॅटरी असून अंधार.

राहिला कागदाचा प्रश्न. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे जानेवारी आणि जुलैमध्ये लायसन्सधारक एजन्सीकडून फॉर्म बी, म्हणजे आगीपासून बचावाची यंत्रणा नीट चालू असल्याचा दाखला, घ्यावा लागतो, त्यांचा माणूस येईल तेव्हा कमिटीतल्या कुणीतरी प्रत्येक मजल्यावर सोबत फिरा, खाली ऑफिसमध्ये बसून सही करून देऊ नका. जुन्या बॅटऱ्या कचऱ्यात टाकू नका, आत शिसं असतं, नवीन घेताना दुकानदारालाच परत द्या, थोडे पैसेही वजा होतात.